मागितलं म्हणजे विश्वास कमी पडला का?

"ताई, स्वप्न देवानं दिलंय तर पूर्णही तोच करील ना? मग मी माणसांपुढं हात का पसरायचा?"

समुपदेशनासाठी माझ्याकडं येणाऱ्या श्रद्धाळू माणसांकडून हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकते. ज्यानं तो सर्वांत कळकळीनं विचारला, त्याच्याविषयी त्याच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही अशा बेतानं लिहिते आहे.

वय ३१. आईवडील बीडकडचे ऊसतोड कामगार. त्याचं लहानपण कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत गेलं. दिवाळी झाली की शाळा सुटायची, ती गुढीपाडव्याच्या पुढंमागं पुन्हा दिसायची. चौथीपर्यंत धड वाचता येत नव्हतं. एका गुरुजींनी आईवडिलांना गळ घालून त्याला आजीजवळ ठेवायला लावलं, म्हणून तो शिकला. सोळाव्या वर्षी नाताळच्या आदल्या रात्री, आईवडील फडावर असताना, एकट्यानं प्रार्थना करताना त्याच्या मनात लख्ख उमटलं : कोप्यांवरच्या पोरांना शिकवायचं. हे देवाचं बोलावणं आहे याबद्दल त्याला आजही शंका नाही, आणि मलाही ती घ्यावीशी वाटली नाही.

त्यानं डी.एड. केलं. शिक्षक भरतीची अभियोग्यता परीक्षा २०१७ला दिली, यादीत नाव नाही. पुढची परीक्षा थेट २०२३ला झाली, तेव्हाही नाही. आता नगर जिल्ह्यात खतबियाण्याच्या दुकानात कामाला. दर शुक्रवारी उपास करायचा. स्वप्नाबद्दल मात्र बायकोखेरीज कुणाला सांगितलेलं नव्हतं. नोकरी लागली की सुरू करू, आणि नोकरी देव लावील. प्रत्येक यादी लागली की एकच निष्कर्ष : माझ्याच विश्वासात खोट आहे.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. "देवाची वेळ असते," असं मी म्हणाले आणि तो गप्प झाला. पंधरा वर्षं हेच तर ऐकत आला होता. मग मी साधे प्रश्न विचारले. झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का. तसं काही असतं, तर शास्त्रवचनांआधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. श्रद्धेच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला हे प्रश्न विचारायचे राहून जातात, म्हणून मुद्दाम सांगते.

दुसऱ्या भेटीत मी त्याला बायबलमधल्या योसेफाची गोष्ट सांगायला लावली. त्यानं भरभर सांगितली : भावांनी विकलं, तुरुंग झाला, मग मिसरच्या राजापुढं, फारोपुढं उभा राहिला. "तुरुंगातून सुटणाऱ्या प्यालेबरदाराला, फारोला प्याला देणाऱ्या त्या नोकराला, योसेफ काय म्हणाला?" मी विचारलं. तो अडला. पिशवीतलं पवित्र शास्त्र काढलं, उत्पत्तीचा चाळिसावा अध्याय उघडला आणि बोट ठेवून वाचत राहिला. तुझं बरं झालं म्हणजे माझी आठवण ठेव, फारोकडं माझा विषय काढ, असं योसेफ त्याला विनवतो. सतराव्या वर्षी स्वप्न पाहिलेला आणि तिसाव्या वर्षी फारोपुढं उभा राहिलेला योसेफ मधल्या काळात एका नोकराकडं शब्द टाकतो. तो नोकर दोन वर्षं विसरतो, ही गोष्ट वेगळी. पण योसेफानं मागितलं म्हणून तिथं कुणी त्याला अविश्वासू ठरवलेलं नाही.

पंडिता रमाबाईंचाही विषय निघाला. केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन त्यानं पाहिलेलं होतं. रमाबाई १८८६ला अमेरिकेत गेल्या, गावोगाव व्याख्यानं दिली, हिंदू विधवांसाठी घर काढायचंय, पैसे हवेत, असं उघड सांगितलं. १८८७ला बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी मंडळ निघालं, तेव्हा ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन उघडू शकलं. त्यांच्या प्रार्थनेवर बोट ठेवायची कुणाची हिंमत आहे?

"तुम्हाला कुणाकडं मागावं लागेल?" मी विचारलं.

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "मुकादमाकडं." आणि त्याचे डोळे भरून आले.

इथं मला खरी गाठ दिसली. त्याच्या घरात मागणं म्हणजे उचल : ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे. उचल घेतली की हंगामभर कोयता, फिटली नाही की पुढच्या हंगामाला पुन्हा तोच मुकादम. वडिलांना हात जोडून उभं राहिलेलं त्यानं दाराआडून पाहिलं होतं. न मागण्याला तो विश्वास म्हणत होता, पण आत ती जुनी लाज बसलेली होती. हे मी त्याला सांगितलं नाही, त्याच्याच तोंडून आलं : "मला वाटायचं, देवाकडं मागितलं की कुणाचं देणं लागत नाही."

पुढच्या दोन भेटी आम्ही फक्त एका वाक्याची तयारी केली. मी मुकादम झाले, तो समोर उभा राहिला. पैसे नाहीत, वस्तू नाहीत. कोप्यांजवळ संध्याकाळी तासभर बसायला जागा आणि एक दिवा. पहिल्यांदा आवाज फुटेना. चौथ्यांदा नीट जमलं.

नोव्हेंबरात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आल्या. एका मुकादमानं हाकलून दिलं, दुसऱ्यानं ट्रॅक्टर लावतात ती कडेची जागा दिली. चर्चच्या पाळकांनी दोन सतरंज्या दिल्या. दुकानमालकानं लवकर सोडायला नकार दिला, म्हणून वर्ग रविवारी आणि बुधवारीच. पहिल्या दिवशी नऊ पोरं आली, त्यातल्या तिघी कडेवर भावंडं घेऊन. आईबाप पहाटे फडात जाताना पोरंही उठतात, त्यामुळं संध्याकाळी काही जण पाटीवरच झोपी जायची. ती झोपली की तो त्यांना उठवत नसे.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, टोळ्या गावी गेल्या. त्याच आठवड्यात तो आला. हातात शंभर पानी वही. तेवीस नावं, प्रत्येकापुढं गाव, इयत्ता, आणि कुठवर वाचता येतं ते. गावाकडच्या गुरुजींपर्यंत हे पोचलं तर पोरांना पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करावं लागणार नाही, असं त्याचं म्हणणं.

भरतीचं काय, असं मी विचारणार होते. त्यानं वही माझ्यापुढं सरकवली.

"ताई, तुमच्या ओळखीत पाटोद्याकडं कुणी शिक्षक आहेत का? माझ्यासाठी एक फोन कराल?"