‘आपल्याकडे’ म्हणजे नक्की कुणाकडे?

“मॅडम, सहा वर्षं घरी यायचे दिवस मोजले. आता घरी येऊन सहा आठवडे झाले, तर परत जायचे दिवस मोजतोय. आमचं काही चुकतंय का?”

हा प्रश्न थोड्याफार फरकानं मी समुपदेशनाच्या खोलीत इतक्या जणांकडून ऐकलाय की आता समोरच्यानं पहिली दोन वाक्यं बोलली की तिसरं मला कळतं. मस्कतहून आलेली कुटुंबं, न्यू जर्सीहून आलेली, सिंगापूरहून उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन आलेली. मुलं घरात रमत नाहीत, आजी-आजोबा दुखावतात आणि मधल्या पिढीला दोन्हीकडून अपराधी वाटतं. लिहायला मात्र मी एका मिशनरी कुटुंबाची गोष्ट निवडली, कारण नोकरीसाठी गेलेला माणूस निदान “कंटाळलो बुवा” म्हणू शकतो. देवाच्या पाचारणानं गेलेल्या माणसाला तेवढीही सोय नसते. (कुटुंबाच्या परवानगीनं लिहितेय, नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

आशिष आणि एस्तेर नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. तो लॅब टेक्निशियन, ती शिक्षिका. २०१८ मध्ये आफ्रिकेतल्या मलावीत एका मिशन हॉस्पिटलमध्ये सेवेला गेले, तेव्हा जोएल नऊ वर्षांचा होता आणि नाओमी चारची. तीन वर्षांनी सुट्टीवर यायचं ठरलेलं. करोनानं ते राहिलं. त्यातच २०२१ मध्ये आशिषचे वडील गेले. शेवटी २०२४ मध्ये सात महिन्यांच्या रजेवर सगळे आले.

माझं माहेर नगरचं, त्यामुळे ‘फर्लो’, म्हणजे मिशनऱ्याची मायदेशी जायची लांब रजा, हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय. १८३१ पासून नगरला अमेरिकन मिशनरी होते. जुन्या ख्रिस्ती घरांमधून “साहेब फर्लोवर गेले” असं अजून सांगतात. आता त्याच घरांतली लेकरं दूरदेशी जाऊन फर्लोवर नगरला येतात. दिशा उलटली, पण सुट्टीवर ‘घरी’ आलेल्याची घालमेल तीच राहिली. रॉबर्ट ह्यूम या नगरच्या प्रसिद्ध मिशनऱ्याचा जन्म १८४७ चा, मुंबईतला. लहानपणी अमेरिकेला गेले, शिकले आणि १८७४ मध्ये मिशनरी होऊन इकडे आले. त्यांचं घरी येणं नेमकं कोणतं धरायचं? मला या प्रश्नाचं एकच उत्तर देता येत नाही. आणि एका दहा वर्षांच्या मुलीला मात्र सगळे तेच एक उत्तर विचारत होते : “काय गं, तिकडे आवडतं की इकडे?”

नाओमी बोलेनाशी झाली होती. आजी समोर आली की मान खाली. रविवार आला की पोटात दुखायचं. डॉक्टरांनी सगळं तपासून “काही नाही” सांगितल्यावर ही मंडळी पुण्याला माझ्याकडे आली.

“सात महिन्यांत बावीस मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, जायचंय,” एस्तेर सांगत होती. “साक्ष द्यायची, म्हणजे देवानं काय केलं ते सांगायचं, कामाचा अहवाल द्यायचा, फोटो दाखवायचे. मुलांनी तिकडचं एक गीत म्हणायचं. लोकांना आवडतं ते.”

“आणि तुम्ही माहेरी किती दिवस राहिलात?”

“चार.” हेही तिनं हसूनच सांगितलं. ज्यांच्या दानावर काम चालतं त्यांच्यासमोर थकलेला चेहरा न्यायचा नाही, ही सवय तिच्या इतकी अंगात मुरली होती की माझ्या खोलीतसुद्धा ती हसू उतरवू शकत नव्हती.

मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करणारी समुपदेशक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी जडणघडण झाली. माणसाच्या बोलण्यातला हट्टाचा ‘च’ शोधायचा, तो सैल करायचा, हे मी वीस वर्षं करतेय आणि त्याचा उपयोग होतो हे रोज बघतेय. इथेही ‘च’ लगेच सापडला. “घरी आल्यावर आनंद व्हायलाच हवा.” आशिष आणि एस्तेर दोघांनाही तो दिसला. घरी येणंसुद्धा जड जाऊ शकतं, किंबहुना परदेशी जाण्यापेक्षा परत येणं पुष्कळदा जास्त जड जातं, कारण त्याची तयारी कुणीच करत नाही, हे सांगितल्यावर आशिषनं मोठा श्वास सोडला. म्हणाला, “म्हणजे आमची श्रद्धा कमी पडली असं नाही.” एवढं एक वाक्य ऐकायला तो दोन तासांचा प्रवास करून आला होता.

पण नाओमी तशीच. दोन भेटी झाल्या, शब्द नाही.

तिसऱ्या भेटीत मी तिला प्रश्न विचारणं थांबवलं. टेबलावर पाण्याचा ग्लास होता. एस्तेरनं मला फोनवर एका प्रसंगाचा ओझरता उल्लेख केला होता, त्यावरून मी म्हटलं, “तिकडे मोठ्या माणसांना पाणी कसं देतात? मला शिकव ना.”

ती बराच वेळ ग्लासाकडे बघत राहिली. मग उठली. ग्लास उजव्या हातात घेतला, डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराला लावली, माझ्या खुर्चीसमोर आली आणि दोन्ही गुडघे टेकून, नजर खाली ठेवून ग्लास पुढे केला. पाण्याचा थेंब सांडला नाही. मी घेतला. “आता तुम्ही झिकोमो म्हणायचं,” ती म्हणाली. झिकोमो म्हणजे मलावीतल्या चिचेवा भाषेत ‘आभारी आहे’. मी म्हटलं. मग मी खाली बसले, गुडघे टेकले आणि तिला तसाच ग्लास दिला. तिनं माझा डावा हात धरून नीट कोपरावर ठेवला.

“असं. आपल्याकडे असं देतात.”

आणि मग सगळं आलं. नगरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात घरी पाहुणे होते, तिनं सगळ्यांना असंच पाणी दिलं. आत्या म्हणाली, “अगं, गुडघे देवापुढे टेकायचे. आपल्याकडे असं नसतं.” नाओमी म्हणाली, “आपल्याकडे असंच देतात.” त्यावर आत्या हसून म्हणाली, “तुमच्याकडे देत असतील.” सगळे हसले. कुणीतरी मोबाइल काढून “पुन्हा कर गं” म्हटलं.

आत्याचा हेतू वाईट नव्हता, हे मला ठामपणे सांगायचंय. पण शब्द बघा. मराठीत ‘आमच्याकडे’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपल्याकडे’ म्हटलं की ऐकणाराही आत येतो. चिचेवात हा फरक नाही. तिथे ‘क्वाथू’ म्हणजे आपलं ठिकाण, एकटा माणूससुद्धा ‘क्वाथू’च म्हणतो. नाओमीनं आपल्या परीनं आत्याला, आजीला, सगळ्या पाहुण्यांना स्वतःच्या घरात घेतलं होतं. “तुमच्याकडे” या एका शब्दानं तिला उंबऱ्याबाहेर ठेवलं. मलावीत शेजारपाजारची मुलं तिला ‘म्वेन्ये’ म्हणत, म्हणजे भारतीय. इथे संडे स्कूलमध्ये ती ‘आफ्रिकेवाली’. मग हिनं ‘आपल्याकडे’ म्हणायचं तरी कुठे?

रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाई १९५० च्या दशकात नवऱ्यासोबत भारतात आल्या होत्या, इथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करायला. आईवडिलांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी आणि या दोन्हींमध्ये वाढणाऱ्या मुलांची एक तिसरीच, हा विचार त्यांनी मांडला. मला तो नेहमीच पटत आलाय. ही मुलं अर्धी इकडची आणि अर्धी तिकडची नसतात. त्यांची स्वतःची एक पूर्ण जागा असते, फक्त तिला नकाशावर गाव नसतं.

जाता जाता नाओमी आणखी एक बोलली, आणि ते मी आजही विसरले नाही. मलावीत त्यांच्या शेजारी एक म्हातारी राहते. तिला ती ‘अगोगो’ म्हणते, म्हणजे आजी. निघताना हिनं अगोगोला “लवकर येते” एवढंच सांगितलं होतं, सात महिने सांगितलेच नव्हते. “आजोबा गेले तेव्हा आम्ही तिकडे होतो. आता अगोगो जाईल आणि आम्ही इकडे असू.”

आपण जिथे नसतो तिथली माणसं मरतात, असा हिशेब या पोरीनं मांडला होता. म्हणून ती इकडे रमायलाच तयार नव्हती. रमलो की तिकडचं माणूस सुटतं.

हे मी आशिषला तिच्या परवानगीनं सांगितलं, तेव्हा तो खिडकीकडे वळला. बऱ्याच वेळानं म्हणाला, “वडिलांचं दफन मी व्हिडिओ कॉलवर बघितलं, मॅडम. माती देताना रेंज गेली. परत लागली तेव्हा लोक पांगत होते.”

“आल्यावर कबरेवर गेलात?”

“गेलो ना. पाळकसाहेब, मंडळीचे वडीलजन, सगळे आले होते. प्रार्थना झाली. फोटो झाले.”

“एकटे?”

तो गप्प राहिला. त्या दिवशी मला माझ्या कामाचा क्रम नीट कळला. ‘च’ सैल करायचाच असतो, पण त्याच्या खाली न झालेला निरोप दबलेला असेल तर आधी तो मोकळा करावा लागतो. मुलगी एका न झालेल्या निरोपाला घाबरत होती आणि बाप दुसऱ्या न झालेल्या निरोपावर पाय देऊन बावीस मंडळ्यांमध्ये साक्ष देत फिरत होता. मी त्याला एवढंच सांगितलं : कुणालाही न कळवता जा, वेळ बघू नका. तो एका मंगळवारी सकाळी गेला, दुपारी दोनला घरी आला. मूठभर माती देऊन आला होता. तीन वर्षं उशिरा.

राहिल्या आजी. त्यांना पुण्याला आणायला आशिषला बरीच मनधरणी करावी लागली. आल्या त्या पदर सावरून, ताठ बसल्या. “माझं काय चुकलं? लेकरांसाठी करंज्या केल्या, त्यांनी तोंड नाही लावलं. मक्याची उकड मागतात. त्यांच्याकडे तेच खातात म्हणे.”

“आजी, तुमचं माहेर कुठलं?”

“जालना.”

“लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेलात, ते आठवतं?”

आधी जरा चमकल्या. मग हळूहळू आठवत गेल्या. सासरी आमटीत गूळ घालायचे, ती सवय लागली होती. माहेरी चुलीपुढे बसून सहज म्हणाल्या, आमच्याकडे गूळ घालतात. “तशी माझी आई म्हणाली, तुमच्याकडे घालत असतील बाई, आपल्याकडे नाही घालत.” आजी थांबल्या. “रात्रभर झोप नाही लागली मला. म्हटलं, इतक्यात मी ‘तुमच्याकडची’ झाले?”

मी काहीच बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. आजींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग आशिषकडे न बघता म्हणाल्या, “पोरीला मी तेच केलं का रे?”

माहेरवाशिणीला हे सगळं मुळातच ठाऊक असतं. ज्या घरात या दुखण्याचं नाव कुणालाच घेता येत नाही, तिथे मी आता थोरल्या बाईला तिच्या पहिल्या माहेरपणाबद्दल विचारते. दरवेळी दार उघडतं असं नाही, पण बहुतेक वेळा उघडतं. हा प्रश्न मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालेला नाही. तो आजींनी दिला.

आता, अशा सुट्टीवर येणाऱ्यांना आणि त्यांची वाट बघणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं.

पहिले तीन आठवडे कुणालाही देऊ नका. ना मंडळीला, ना नातेवाइकांना. मंडळीच्या पुढाऱ्यांनीही हे आधीच जाहीर करावं, म्हणजे आलेल्या कुटुंबाला नकार द्यायला लागत नाही. आशिषनं उरलेले कार्यक्रम निम्मे केले. पाळकसाहेबांनी ते समजून घेतलं, तो भीत होता तसं कुणी दान थांबवलं नाही. मुलांना व्यासपीठावर उभं करायचं असेल तर आधल्या दिवशी त्यांना विचारा, आणि “नको” म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नका. पाहुण्यांसमोर त्यांचं मराठी सुधारू नका. “इकडे आवडतं की तिकडे” हा प्रश्न तर घरातून हद्दपारच करा, त्याऐवजी “तिकडचं काय आठवतं?” असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

मुलांचं तिकडच्या माणसांशी बोलणं तोडू नका. पुष्कळ आईवडिलांना वाटतं, फोन केला की आठवण येईल, रडतील. आठवण येतेच, फोन न करता ती एकट्यानं येते. नाओमीनं दर शनिवारी अगोगोला फोन सुरू केला. पहिल्या फोनवर तिनं खरे महिने सांगितले. निघताना इकडच्या माणसांनाही असंच खरं सांगायचं. “येतो लवकर” म्हणून पळ काढायचा नाही. शेवटचे पंधरा दिवस निरोपाला ठेवा, खरेदीला नाही.

सुनेच्या माहेरपणाचे दिवस तिकीट काढतानाच ठरवा. एस्तेर नंतर तीन आठवडे आईकडे राहिली. तिथल्या दुसऱ्या आठवड्यात कधीतरी ती पहिल्यांदा मनसोक्त रडली, असं तिनं मला नंतर सांगितलं. आणि जोएलसारखी मोठी मुलं, जी काहीच तक्रार करत नाहीत, दिवसभर मोबाइलवर असतात, त्यांना ‘शहाणा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याशी मला चार भेटी लागल्या, ती गोष्ट वेगळी आहे.

आजींनी मक्याची उकड शिकून घेतली. न्सिमा म्हणतात तिला. गुठळ्या झाल्या, नाओमीनं डाव हातात घेऊन दाखवलं कसं घोटायचं ते. त्यानंतरच्या रविवारी घरी पाहुणे असताना तिनं पुन्हा गुडघे टेकून पाणी दिलं. कुणी काही बोलायच्या आत आजी म्हणाल्या, “आपल्याकडे असंच देतात.”

त्यांची पुढची रजा २०२८ मध्ये आहे. नाओमी तेव्हा चौदा वर्षांची असेल, म्हणजे सगळं पुन्हा नव्यानं. यायच्या दोन महिने आधी मला फोन करायचा, असं ठरलंय. मी माझ्या वहीत तारीख घालून ठेवलीय.