१२१ पराभव झाल्यावर संघ सावरतो कसा?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त शिकागोला असतो. २०२४च्या गणपतीत गुहागरला घरी आला होता. पहाटे पाचला उठून मोबाइलवर बेसबॉल लावायचा आणि त्याचा संघ, व्हाइट सॉक्स, जवळजवळ रोज हरायचा. मी हळहळले तर म्हणाला, "आई, हरू देत. आता हरण्यातच फायदा आहे." हे कसलं गणित? आणि एवढा रसातळाला गेलेला संघ पुन्हा बांधतात तरी कसा?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, मुलाचं गणित अर्धं बरोबर आहे. गोम आहे ती उरलेल्या अर्ध्यात.

आधी तो संघ किती बुडाला होता ते सांगतो. मोसमात प्रत्येक संघाचे १६२ सामने असतात. व्हाइट सॉक्सनी २०२४मध्ये त्यातले १२१ घालवले, जुलै-ऑगस्टात तर सलग २१. न्यूयॉर्क मेट्सच्या नावावरचा १९६२चा १२० पराभवांचा नकोसा विक्रम त्यांनी मोडला. युरोपातल्या फुटबॉलमध्ये असा संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जातो. इथे तसं काही होत नाही. उलट शाळा-कॉलेजातले नवे खेळाडू संघांमध्ये वाटले जातात तेव्हा, म्हणजे ड्राफ्टमध्ये, तळाच्या संघाला आधी हात घालायला मिळे. मुलगा म्हणतो तो फायदा हाच.

मी हर्णैचा. उमर जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. ह्यूस्टन नाहीतर बाल्टिमोरला बोट लागली आणि सुट्टी मिळाली की स्टेडियम गाठायचो. बाल्टिमोरचं मैदान रेल्वेच्या जुन्या लांबलचक गोदामाला लागून आहे, बघण्यासारखं आहे. संघ हरत असला की तिकीट स्वस्त आणि खुर्च्या रिकाम्या. आम्हा बोटीवरच्या लोकांना तेच सोयीचं. संघ पाडून पुन्हा उभारण्याचे दोन गाजलेले प्रयोग नेमके याच दोन शहरांत झाले.

ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनी २०११मध्ये १०६, २०१२मध्ये १०७ आणि २०१३मध्ये १११ सामने गमावले. २०१७मध्ये तोच संघ विजेता. तेव्हापासून "हरा, ड्राफ्टमध्ये वरची निवड मिळवा, जिंका" हा मंत्र सगळ्यांच्या तोंडी बसला. पण निवडी एकेक करून बघा. २०१२ची पहिली निवड कार्लोस कोरेआ, ती फळली. २०१३ची पहिली निवड मार्क अपेल हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. तो ह्यूस्टनच्या मुख्य संघातून एकही सामना खेळला नाही. त्याच्या लगेच मागून शिकागोच्याच दुसऱ्या संघाने, कब्जनी, क्रिस ब्रायंटला उचललं. २०१६मध्ये कब्ज १०८ वर्षांनी जिंकले तेव्हा त्यांच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू हाच ब्रायंट होता. २०१४ची पहिली निवड तर वैद्यकीय तपासणीच्या वादात करारच न होता गेली. भरपाई म्हणून पुढच्या वर्षी दुसरी निवड मिळाली आणि त्यात अ‍ॅलेक्स ब्रेगमन हाती लागला. याला योजना म्हणा की नशीब, तुम्हीच ठरवा.

त्या संघाचा कणा होता होसे अल्टुव्हे, उंची साडेपाच फूट. तो हरण्यातून आलाच नव्हता. व्हेनेझुएलात २००७मध्ये अवघ्या १५ हजार डॉलरवर घेतलेला पोरगा तो. याच ह्यूस्टनने २०१४मध्ये जे. डी. मार्टिनेझला नारळ दिला आणि तो डेट्रॉइटला जाऊन मोठा फलंदाज झाला. पुढचा चेंडू कसा टाकायचा याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्याने टिपून कचऱ्याचा डबा बडवत आपल्या बॅटरला इशारे द्यायचे, हा २०१७चा प्रकार नंतर उघडकीला आला. २०२०मध्ये ५० लाख डॉलर दंड झाला आणि दोन वर्षांच्या वरच्या निवडी गेल्या. त्यामुळे त्या संघाचा दाखला देताना मी जरा हात राखूनच देतो.

आता तुमच्या मुलाच्या संघाकडे येऊ. त्यांनी बांधणी एकदा करून झाली होती, हे त्याला आठवत असेल. २०१६च्या डिसेंबरात क्रिस सेल हा अव्वल पिचर बोस्टनला देऊन योआन मोंकाडा, मायकेल कोपेक वगैरे पोरं घेतली. २०१७मध्ये होसे किंतानाला देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस आले. जाणकारांनी पाठ थोपटली. २०२१मध्ये ९३ विजय आणि गटात पहिला नंबर. पुढच्या तीन वर्षांत सगळं कोसळलं. तयार खेळाडू देऊन कोवळी पोरं घेणं म्हणजे मोहोर बघून बाग घेणं. मोहोर खोटा नसतो, पण पेटीत आंबा पडेपर्यंत तुडतुडे आहेत, अवकाळी आहे. सात-आठ पोरांवर सगळी भिस्त ठेवली, त्यातली निम्मी जायबंदी झाली किंवा खुंटली, आणि खालून दुसरं कोणी वर येतच नव्हतं. माझ्या मते खरा घात तिथे झाला. वर कडी अशी की २०१६च्याच जूनमध्ये त्यांनी जेम्स शील्ड्स या उतरणीला लागलेल्या पिचरसाठी १७ वर्षांचा एक मुलगा देऊन टाकला होता. त्याचं नाव फर्नांडो टॅटिस ज्युनियर. सॅन डिएगोत तो स्टार झाला.

आणि "हरण्यातच फायदा" म्हणाल, तर नियमच बदललाय. २०२३च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा निवडी चिठ्ठ्या टाकून ठरतात. सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या निवडीची संधी प्रत्येकी १६.५ टक्के. शिवाय मोठ्या कमाईच्या शहरातल्या संघाला लागोपाठ दोन वर्षं या सोडतीत हात घालता येत नाही. व्हाइट सॉक्सना २०२४मध्ये पाचवी निवड मिळून गेली होती. म्हणून १२१ पराभव पचवल्यावर २०२५च्या ड्राफ्टमध्ये त्यांच्या वाट्याला आली दहावी! हे मुलाला जरूर विचारा.

मग करायचं काय? संघ पुन्हा जिंकू लागेल तेव्हा, म्हणजे तीन-चार वर्षांनी, आजच्यातलं कोण आपल्याकडे असेल, हे आधी ठरवायचं. जो नसेल त्याला लवकर विकायचं. करार संपायला सहा महिने उरले की गिऱ्हाईक भाव पाडतं. या बाबतीत व्हाइट सॉक्स या खेपेला शहाणे वागले. गॅरेट क्रोशे या पिचरचा ताबा अजून दोन मोसम त्यांच्याकडे होता, तरी २०२४च्या डिसेंबरात त्याला बोस्टनला दिलं आणि चार तरुण घेतले. त्यातले काइल टील आणि चेस मायड्रॉथ २०२५मध्येच मुख्य संघात खेळू लागले.

फुकटातला मालही शोधावा लागतो. दुसऱ्या संघाने आपल्या ४० जणांच्या यादीत न घेतलेला जुना होतकरू खेळाडू 'रूल फाइव्ह' ड्राफ्टमध्ये १ लाख डॉलर भरून उचलता येतो. अट एवढीच की पूर्ण मोसम त्याला मुख्य संघात ठेवायचं. चांगल्या संघाला ही चैन परवडत नाही. हरणाऱ्याला परवडते, आणि पराभवाचा खरा उपयोग मला तरी इथेच दिसतो. व्हाइट सॉक्सनी असा शेन स्मिथ हा पिचर मिलवॉकीकडून आणला आणि २०२५मध्ये तो ऑल-स्टार, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंपैकी एक, झाला. रॉबर्टो क्लेमेंटेसारखा थोर खेळाडू १९५४मध्ये पिट्सबर्गला याच वाटेने मिळाला होता. व्हाइट सॉक्स २०२५मध्येही १०२ सामने हरलेच, पण ६० जिंकले. आदल्या वर्षी ४१ होते.

शेवटी पैसा सोडायची वेळ ओळखावी लागते, आणि बाल्टिमोर तिथे अडखळलं. २०१८मध्ये ११५ पराभव, २०२३मध्ये १०१ विजय. बॅटर घरचे, एकाहून एक. पिचर मात्र कमी पडत राहिले. कॉर्बिन बर्न्स एका वर्षासाठी आला आणि निघून गेला. २०२५मध्ये पुन्हा ८७ पराभव. हात आखडण्यामागे जुनी भीती असावी, असा माझा अंदाज. याच संघाने २०१६मध्ये क्रिस डेव्हिसला सात वर्षांचे १६ कोटी १० लाख डॉलर कबूल केले होते आणि पुढे त्याने लागोपाठ ५४ वेळा बॅट घेऊन एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मारला नव्हता.

प्रश्न : आमच्या वाडीच्या अंडरआर्म स्पर्धेतही आता लिलाव होतो, मुंबईचे चाकरमानी बोली लावतात. बेसबॉलवाले सरळ आयपीएलसारखा लिलाव करून संघ का बदलत नाहीत?
— एक वाचक, देवगड

उत्तर : कारण खेळाडू बाजारात येतच नाही. ड्राफ्टमध्ये घेतलेला पोरगा आधी मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीच्या संघांत, घासतो. मुख्य संघात आल्यावर सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत तो त्याच संघाचा. पहिली तीनेक वर्षं साधारण किमान पगार (२०२४मध्ये ७ लाख ४० हजार डॉलर), पुढे गरज पडली तर लवाद पगार ठरवतो, आणि मग मोकळा. आयपीएलमध्ये मोठा लिलाव झाला की मोजके खेळाडू राखून बाकी पाटी कोरी होते. २०२४च्या नोव्हेंबरात जेद्दाहला ऋषभ पंत २७ कोटींना दिल्लीहून लखनौला गेला तसं. बेसबॉलमध्ये मुख्य संघात २६, राखीव धरून ४० आणि मायनर लीगमध्ये आणखी शंभरावर. एवढा गोतावळा एका दुपारी बदलत नाही. तुमच्या वाडीला मात्र लिलावच बरा. भांडणं एकाच दिवशी आटोपतात.

प्रश्न : आमच्याकडची पोरं दगडाने नेमका देठ तोडून कैरी पाडतात. असा कोणी भारतीय पिचर अमेरिकेत गेला आहे का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : गेलेत, पण उत्तर प्रदेशातले. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू वेगाने चेंडू टाकण्याच्या एका स्पर्धेतून पुढे आले आणि २००८मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. पिट्सबर्गही तेव्हा वर्षानुवर्षं हरणारा संघ. त्याला असे प्रयोग परवडत होते. पटेल लवकर परतला, रिंकू मायनर लीगमध्ये काही मोसम टिकला, मुख्य संघापर्यंत दोघेही पोचले नाहीत. रिंकू पुढे अमेरिकेतच कुस्तीच्या आखाड्यात उतरला. तुमच्या पोरांचा नेम चांगला असेल तर प्रश्न राहतो वेगाचा. साडेअठरा मीटरवरून ताशी १५० किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकता यायला हवा, आणि तोही थकल्यावर.