जहाजावरचे बंदूकधारी: पहिल्या सफरीआधी

गुहागर-रत्नागिरीहून पहिल्यांदाच एडनच्या आखाताकडे निघालायस ना, मग एवढं पक्कं ठेव. समुद्री चाच्यांपासून जहाज राखायला वाटेत चढणारे तीन-चार सशस्त्र रक्षक खासगी कंपनीचे असतात, नौदलाचे नव्हेत. जहाजावर शेवटचा शब्द कॅप्टनचाच.

- त्यांच्या हत्यारांना हात लावू नकोस, फोटोही नको.
- अलार्म वाजला की बघायला डेकवर धावणं, ही नवख्यांची नेहमीची चूक. पत्र्यावर आदळलेली गोळी कुठेही उडते. हुकूम मिळताच थेट सिटाडेलमध्ये, म्हणजे जहाजातल्या आतून बंद होणाऱ्या भक्कम खोलीत शिर. एक जण जरी बाहेर राहिला तरी त्या खोलीचा उपयोग संपला, कारण तोच ओलीस होतो आणि नौदलाचे हात बांधले जातात.

या हत्यारांच्या कागदपत्रांचं तर विचारूच नकोस: २०१३ साली तुतीकोरिनला अडवलेल्या ‘सीमन गार्ड ओहायो’ या खासगी सुरक्षा कंपनीच्या जहाजावरचे रक्षक निर्दोष सुटले ते थेट २०१७ साली. नियमांचं बाकीचं पुस्तक नंतर वाच. आधी सिटाडेलची वाट अंधारात चालून बघ.