नवं वर्ष आणि निखिलच्या आजीचा नारू

मी समुपदेशक. डिसेंबर लागला की माझ्या खोलीत एक ठराविक प्रश्न यायला लागतो. "मॅडम, पुढच्या वर्षी तरी काही बरं होणार आहे का हो?" पूर्वी वर्षातून एखादा विचारायचा, कोविडनंतर आठवड्याला दोघं-तिघं तरी असतात. युक्रेन, गाझा, वाढता उन्हाळा, एआयमुळे जाणाऱ्या नोकऱ्या, सगळं एका दमात. बहुतेक जण तिशीतले, शिकलेले, पगार बरा, घरात तसं कोणाचं काही बिनसलेलं नाही. म्हणून एकाची गोष्ट सांगते, त्याच्या परवानगीनं, नाव आणि तपशील बदलून.

निखिल, वय ३४, राहायला पुण्यात हडपसरला, नोकरी खराडीत. तक्रार झोपेची. रात्री तीनला जाग यायची आणि हात आपोआप मोबाईलकडे जायचा. पहिली दोन सेशन्स आम्ही झोप, बॉस, अ‍ॅसिडिटी यातच फिरत राहिलो. तिसऱ्या वेळी उठता उठता म्हणाला, बायकोला मूल हवंय आणि मी तीन वर्षं सांगतोय, जरा जग सेटल होऊ दे.

मी त्याला परत बसवलं. "सेटल म्हणजे नक्की काय झालं की तू हो म्हणशील?"

बराच वेळ गप्प. "निदान युद्धं थांबली पाहिजेत. क्लायमेटचं काहीतरी ठरलं पाहिजे."

"लेखी हवंय का?"

हसला. तीन सेशन्समध्ये पहिल्यांदा.

माझा कल विवेकनिष्ठ पद्धतीकडे आहे, म्हणजे त्रासामागचा हट्टी विचार शोधून तपासायचा, ते मी लपवत नाही. जग बरं व्हावं ही इच्छा, ती माणसाला कामाला लावते. जग बरं झालंच पाहिजे आणि तेही मी पाऊल उचलायच्या आत, हा हट्ट, तो माणसाला तीन वाजता उठवून बसवतो. बावीस वर्षांत मी हा फरक शेकडो जणांना समजावला असेल, पण खरं सांगायचं तर समजावून कोणाला पटत नाही, तो कुठेतरी दिसावा लागतो. आणि "पॉझिटिव्ह विचार कर" हे तर मी कधीच सांगत नाही, समोरचा ते दोन मिनिटांत पकडतो. निखिलनं मी बोलायच्या आतच सुनावलं होतं की अमेरिकेनं २०२५ मध्ये परदेशी मदत कापली, आता आफ्रिकेत औषधं कोण देणार? प्रश्न बरोबरच होता. मी वाद घातला नाही.

तो रविवारी गावी जाणार होता, नगर जिल्ह्यात. म्हटलं आजीला एवढंच विचारून ये, पोटुशी असताना तिला कशाची भीती वाटायची.

पुढच्या वेळी आला तो मोबाईल पुढे करतच. फोटोत आजीचा पाय. घोट्याच्या वर चिंचोक्याएवढा पांढुरका, चकाकणारा व्रण.

"मॅडम, नारू माहितीये तुम्हाला?"

मला माहीत होता, आईच्या तोंडून. चाळिशीच्या आतल्यांना सहसा माहीत नसतो. बारवेचं, पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलं की त्यातून पोटात जायचा, वर्षभरानं पायाला फोड येऊन हातभर लांबीचा पांढरा दोऱ्यासारखा किडा बाहेर यायला लागायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, घाई केली आणि तुटला की पाय सुजून माणूस महिनोन्महिने आडवा. आजीला नारू निघाला तेव्हा निखिलचे वडील पोटात होते. नंतर बहात्तरच्या दुष्काळात आत्या पोटात असताना ती खडी फोडायला जायची. एकूण सात झाली, पाच राहिली.

"भीती वाटायची का म्हणून विचारलं तर म्हणाली, भ्या वाटायचं की. पर पानी आनायला जावंच लागायचं."

हे सांगून तो थांबला आणि मीही काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे मला उशिरा जमलं, पण जमलं.

मग त्यानं स्वतःच शोधून आणलेलं सांगितलं. १९८६ मध्ये जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण. भारतातला शेवटचा १९९६ चा, २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर. २०२३ मध्ये अख्ख्या जगात १४ माणसं. आणि यावर लस नाही, औषध नाही! पाणी फडक्यानं गाळायचं, विहिरीत पाय घालून उतरायचं नाही, हातपंप बसवायचे, बस. आजीच्या गावात एक पोरगा सायकलवर यायचा, हंड्यावर फडकं धरून दाखवायचा आणि आजीची सासू त्याला हाकलून द्यायची. तो परत यायचा.

"त्या पोराला कुठे माहीत होतं पुढे काय होणार," निखिल म्हणाला. हे मी सांगितलेलं नाही बरं का, त्याचं त्याला दिसलं.

मला स्वतःलाही त्या दिवशी एक गोष्ट नीट कळली. वाईट गोष्ट घडते, म्हणून तिची बातमी होते. चांगली गोष्ट पुष्कळदा न घडण्यात असते. आज बारवेवर कोणाला नारू झाला नाही, ही बातमी कोण देणार? १९९० मध्ये जगात पाच वर्षांच्या आतली सव्वा कोटी मुलं दगावली, २०२२ मध्ये ४९ लाख. ४९ लाखही भयानकच आहेत, पण उरलेली मुलं आज कुठेतरी शाळेत मार खात असतील.

तर पुढच्या वर्षाचं काय, असं विचारणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते. बातम्या बंद करू नका, फक्त रात्री फोन झोपायच्या खोलीत नको. आणि ज्या बातमीनं पोटात गोळा येतो तिच्यापुढे एक प्रश्न जोडा, यावर कोण काम करतंय? उत्तर शोधायला मेहनत लागते, ते आपोआप स्क्रीनवर येत नाही. निखिलला मलेरियाचं उत्तर घराजवळच सापडलं. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि हडपसरच्याच सीरम इन्स्टिट्यूटनं मिळून केलेली आर-२१ लस, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिची शिफारस केली, जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये ती बाळांना द्यायला लागले. "मी रोज हडपसरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत त्यांच्याच बाजूनं जातो." आणि हो, अडलेलं कामही बघा. नारूचे १४ चे शून्य होत नाहीत कारण चाडमध्ये तो कुत्र्यांत शिरलाय, म्हणून तिथे लोक कुत्री बांधून ठेवतायत. आशा म्हणजे मला तरी हे असलं कंटाळवाणं काम दिसतं.

मुलाचं काय ठरलं ते मी विचारलेलं नाही, तो त्या दोघांचा प्रश्न. मदत बंद होण्याची भीती त्याला अजून वाटते, मलाही वाटते. फोन आता किचनमध्ये पिठाच्या डब्यावर असतो. तीनला जाग आली तर उठून पाणी पितो, आणि बायको झोपेतच विचारते, गाळून घेतलंस ना?