कॉलेजमध्ये एनसीसी केल्याने खरंच लीडरशिप येते का, की नुसती परेड आणि सर्टिफिकेट?

तुम्ही लिहिलंय की यंदा एफवायला ॲडमिशन घेतलंय, घरचे म्हणतात परेडमध्ये वेळ घालवू नको आणि मित्र म्हणतात सी सर्टिफिकेट मिळालं की काम झालं. मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे मिलिटरी अपशिंगे नावाचं गावच आहे, तिथे घरोघरी फौजेतली माणसं, पण माझ्या घरात कुणीच नव्हतं, त्यामुळे मी अगदी कोरी गेले होते. तीन वर्षं सीनियर विंगला होते (मुलींचं सीनियर विंग, मुलांचं सीनियर डिव्हिजन), शेवटच्या वर्षी सार्जंट. लीडरशिप येते, माझ्यात आली, पण ती ज्या ठिकाणी येईल असं मला वाटलं होतं तिथे नाही आली.

पहिल्या वर्षी तुम्ही नुसते कॅडेट. शनिवार-रविवार सकाळी सातला फॉलिन (म्हणजे ग्राउंडवर रांगेत हजर), त्यासाठी मला साडेपाचची एसटी धरायला लागायची, मग आदल्या रात्रीच खाकीला कडक इस्त्री, बेल्टचं पितळ ब्रासोने घासायचं, बूट पॉलिश, आई म्हणायची लग्नाला पण एवढी तयारी नसते. आणि ग्राउंडवर काय तर विश्राम, सावधान, दाहिने मुड, तेज चल, थम, दोन दोन तास तेच. यात कसली लीडरशिप असं मलाही वाटायचं.

मग एक दिवस उस्तादांनी (पीआय स्टाफ म्हणून आर्मीतून येणारे हवलदार साहेब, सगळे त्यांना उस्तादच म्हणतात) मला ग्राउंडच्या एका टोकाला उभं केलं, स्क्वॉड दुसऱ्या टोकाला, आणि सांगितलं कमांड दे. आमच्या घरात मुलीच्या जातीने आवाज चढवलेला चालायचा नाही, त्यामुळे माझी कमांड अर्ध्या वाटेतच विरली, निम्म्या मुली वळल्या आणि निम्म्या तशाच उभ्या. मला वाटलं त्यांनी लक्ष दिलं नाही. उस्ताद म्हणाले, "गलती उनकी नहीं, तेरी है. गले से नहीं, पेट से बोल." मग शिकवलं की कमांडचा पहिला भाग लांब ओढायचा म्हणजे समोरचा तयार होतो, मध्ये थोडं थांबायचं आणि मग दुसरा भाग तोडून, खणखणीत. म्हणजे आधी माणसाला कळू दे काय येणारे, मग करायला सांग. मी आज नोकरीत टीमला काम सांगताना पण हेच करते, खरंच सांगते.

पण खरं शिकले ते कॅम्पला. सीएटीसी म्हणजे दहा दिवसांचा कॅम्प, पहाटे उठून पीटी, मग ड्रिल, मॅप रीडिंग, पॉइंट टू टू रायफलचं फायरिंग, संध्याकाळी गेम्स, रात्री रोल कॉल. माझ्याकडे एका टेंटची जबाबदारी होती, त्यात बहुतेक फर्स्ट इयरच्या मुली. मी गिनती बरोबर द्यायचे, लाईन सरळ, बेडिंग एकसारखं, आणि मनात खूश होते की माझा टेंट सगळ्यात चांगला. तिसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी फॉलिनला उभीच राहू शकेना. नवे बूट, दोन्ही टाचांना फोड येऊन फुटलेले, मोजा कातडीला चिकटलेला, तिने दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं कारण तिला वाटलं सीनियर रागावेल. सीनियर म्हणजे मी. उस्तादांनी तिला एमआय रूमला (कॅम्पच्या दवाखान्यात) पाठवलं आणि मला एवढंच विचारलं, "तूने इसके पाँव देखे थे?"

मी नव्हते बघितले. त्या रात्रीपासून रोल कॉलनंतर टॉर्च घेऊन प्रत्येकीचे पाय बघायचे, कुणाला ताप आहे का, कुणाची पाळी आलीय, कुणी जेवलं नाही, कुणाला घरची आठवण येऊन रडू येतंय, सगळं विचारायचे, आणि लंगरला (कॅम्पच्या जेवणाच्या ठिकाणी) ताट घेऊन सगळ्यात शेवटी उभी राहायचे, कारण भाजी संपली तर ती माझी संपावी. ती मुलगी दोन दिवसांनी कॅनव्हासचे शूज घालून परत आली आणि शेवटच्या दिवशी फायरिंगला तिच्या पाच गोळ्यांचं ग्रुपिंग (गोळ्या किती जवळजवळ लागल्या ते) माझ्यापेक्षा चांगलं आलं, मला स्वतःचं आल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

आता दुसरी बाजू पण सांगायला हवी. सगळीकडे असं नसतं. काही ठिकाणी कॅडेट म्हणजे पाहुण्यांना सलामी द्यायला आणि कार्यक्रमात खुर्च्या लावायला फुकटची माणसं, काही सीनियर रँक मिळाली की ज्युनियरना विनाकारण रगडा देतात, फ्रंट रोल मारायला लावतात आणि त्यालाच डिसिप्लिन म्हणतात. ते चूक आहे, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. ॲडमिशनआधी तिथल्या थर्ड इयरच्या कॅडेटना एकदा भेटा, ज्युनियर त्यांच्याशी कसे बोलतात ते बघा, लगेच कळतं.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर दोन वर्षांनी बी आणि तीन वर्षांनी सी, हजेरी ७५ टक्के लागते, कॅम्प केलेले लागतात. सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि ग्रॅज्युएशनला ५० टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून सीडीएसची (फौजेत अधिकारी व्हायची) लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, अर्ज करता येतो, मुलींनाही, पण जागा खूप कमी असतात. आणि एसएसबी पाच दिवसांचं असतं, तिथे ग्रुपमध्ये तुम्ही कसे वागता तेच बघतात, त्यामुळे नुसता कागद घेऊन गेलात तर उपयोग नाही. आणि हो, एनसीसी केली म्हणून फौजेत जायची सक्ती अजिबात नसते, मी नाही गेले, हे घरच्यांना नक्की सांगा, निम्मी भीती त्याचीच असते.

सिलेक्शन बहुतेक कॉलेजात वर्षाच्या सुरुवातीलाच उरकतं, म्हणून याच आठवड्यात एनसीसीच्या सरांना किंवा मॅडमना भेटा. रनिंग आजपासून सुरू करा. आणि बूट मिळाले की कॅम्पची वाट न बघता घरातच एकावर एक दोन मोजे घालून रोज तासभर वापरा.