आवाज खाली येतो तो प्रश्न

प्रश्न : ताई, तुम्ही काही महिने रामल्लात होतात, असं मागे एका उत्तरात लिहिलं होतंत. पॅलेस्टाइनच्या बातम्या सगळ्या इस्रायलभोवतीच फिरतात. तिथल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या पोलिसांबद्दल, गुप्तचर खात्यांबद्दल काय वाटतं, हे कुणी विचारतं का? आणि विचारलंच, तर लोक खरं सांगतात का? (एक निवृत्त पोलीस अधिकारी)

उत्तर : विचारतात, आणि नेमाने विचारतात. खलील शिकाकी यांनी २००० साली रामल्लात पॅलेस्टिनी धोरण व सर्वेक्षण संशोधन केंद्र सुरू केलं. साधारण दर तीन महिन्यांनी या केंद्राची माणसं वेस्ट बँक आणि गाझा मिळून बाराशेच्या वर प्रौढांच्या घरी जातात आणि समोर बसून प्रश्न विचारतात. हे काम जोखमीचं आहे. जुलै २००३मध्ये निर्वासितांच्या मतांचं सर्वेक्षण जाहीर होणार होतं, त्याच दिवशी जमाव कार्यालयात घुसला, सामानाची मोडतोड केली, शिकाकींवर अंडी फेकली. केंद्र तरीही चालू राहिलं.

मी तिथे होते ती २०१३च्या जानेवारीपासून तीन महिने, घरोघरी प्रश्नावली भरणाऱ्या एका दुसऱ्या पथकाबरोबर, निरीक्षक म्हणून. त्यातलं एक घर डोळ्यांसमोरून हलत नाही. रामल्लाला लागूनच अल-बिरेह आहे. तिथे तिसऱ्या मजल्यावर, गॅसच्या शेगडीजवळ बसून घरची बाई खुबेझे निवडत होती. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि पाऊस झाला की ही रानभाजी जिथेतिथे उगवते. आमच्याबरोबरची मुलगी प्रश्न वाचायची, बाई देठ खुडत उत्तरं द्यायची. सिलिंडरचा भाव, विजेचं बिल, तपासणी नाक्यावर जाणारे तास, सगळ्यावर खणखणीत आवाजात बोलली. इस्रायली सैनिकांविषयी तर जिन्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग प्रश्न आला : पॅलेस्टिनी प्राधिकरणावर (म्हणजे तिथल्या पॅलेस्टिनी सरकारवर) लोकांना न घाबरता टीका करता येते का? बाई उठली. जिन्याकडची खिडकी लावून घेतली. परत येऊन बसली आणि आमच्या मुलीला म्हणाली, ‘तू कुणाची मुलगी?’ घराण्याचं नाव कळल्यावर तिने उत्तर दिलं, ते मला दोन हातांवर बसूनही नीट ऐकू आलं नाही. मुलीने ‘नाही’पुढे खूण केली.

तेव्हा, साहेब, लोक खरं सांगतात का, याचं माझं उत्तर असं : सांगतात, पण अंदाज घेऊन. त्यामुळे सुरक्षा यंत्रणांवरच्या नाराजीचा जो आकडा छापून येतो, तो मी नेहमी खालचा आकडा धरते. प्रत्यक्ष नाराजी त्याहून थोडी जास्तच असणार.

आता नाराजी कशावर, ते सांगते, कारण तुमच्यासारख्या खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते लगेच कळेल. चौकात वाहतूक सांभाळणारा पोलीस लोकांच्या रागाचा विषय नाही. त्याला घरातून चहा येतो. ‘मुखाबरात’ म्हणजे सामान्य गुप्तचर खातं आणि ‘विकाई’ म्हणजे प्रतिबंधक सुरक्षा दल, ही दोन नावं मात्र हळू आवाजात घेतली जातात. १९९४मध्ये पॅलेस्टिनी पोलीस पहिल्यांदा गाझात आणि जेरिकोत आले, तेव्हा लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या होत्या. आपली माणसं, आपला गणवेश. पुढे १९९५च्या कराराने वेस्ट बँकेचे अ, ब, क असे तुकडे पडले. पॅलेस्टिनी पोलिसाला पुरता अधिकार फक्त ‘अ’ भागात, म्हणजे सुमारे १८ टक्के जमिनीवर. सुमारे ६० टक्के ‘क’ भाग पूर्णपणे इस्रायली सैन्याच्या ताब्यात. पण ‘अ’ भागातही इस्रायली सैन्य रात्री छापा घालायला शिरतं, तेव्हा पॅलेस्टिनी शिपाई ठाण्यात जाऊन बसतात. घरातला मुलगा उचलून नेला जातो आणि गल्लीच्या तोंडावरचं आपलं ठाणं गप्प असतं. याच व्यवस्थेला ते ‘तन्सीक अम्नी’, सुरक्षा समन्वय, म्हणतात. प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास यांनी २०१४मध्ये या समन्वयाला ‘पवित्र’ म्हटलं. तो थांबवला जाईल अशा घोषणा पुढे अनेकदा झाल्या, २०२०मध्ये तो काही महिने थांबलाही, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाला. सर्वेक्षणांत बहुसंख्य लोक वर्षानुवर्षं सांगत आलेत की तो बंद करा.

कुंपणच शेत खातं म्हणतात, तसं लोकांना वाटलं ते २४ जून २०२१ला. निझार बनात हे हेब्रॉनजवळच्या दुरा गावचे, प्राधिकरणावर कडक टीका करणारे, त्या वर्षी रद्द झालेल्या निवडणुकीतले उमेदवार. पहाटेच्या अंधारात सुरक्षा दलाची माणसं हेब्रॉनमधल्या नातेवाइकांच्या घरात शिरली, मारहाण करून त्यांना घेऊन गेली, आणि काही तासांत ते मेल्याची बातमी आली. रामल्लात लोक रस्त्यावर उतरले, तर साध्या वेशातल्या माणसांनी त्यांना चोपलं, महिला पत्रकारांचे मोबाइल हिसकावले. सप्टेंबरमध्ये शिकाकींच्या केंद्राने विचारलं, तेव्हा ६३ टक्के लोक म्हणाले की ही हत्या राजकीय किंवा सुरक्षा नेत्यांच्या हुकमाने, ठरवून झाली. त्याच सर्वेक्षणात ७८ टक्क्यांना अब्बास यांचा राजीनामा हवा होता. १४ जणांवर लष्करी न्यायालयात खटला उभा राहिला, आणि जून २०२२मध्ये करोनाचं कारण देऊन त्यांना तात्पुरतं सोडण्यात आलं. बनात यांच्या घरच्यांनी त्या दिवशी काय ऐकलं असेल, याचा विचार मला अजून सोडत नाही.

एवढं वाचून असं समजू नका की लोकांना पोलीसच नकोत. दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे २००० साली पेटलेल्या इस्रायलविरुद्धच्या उठावात, पोलीस ठाणी उद्ध्वस्त झाली, मग हत्यारबंद टोळ्यांचं राज्य आलं. त्या काळाला लोक ‘फलतान’ म्हणतात, म्हणजे बेबंदशाही. २००७नंतर नाब्लुस आणि जेनिनमध्ये प्रशिक्षित दलं तैनात झाली, दुकानं संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी राहायला लागली, तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकलाच. पोलीसच नसले तर काय होतं, हे कफर अकबमध्ये दिसतं. ही वस्ती जेरुसलेम महापालिकेच्या हद्दीत, पण इस्रायलने बांधलेल्या भिंतीपलीकडे, रामल्लाच्या बाजूला. पॅलेस्टिनी पोलिसाला तिथे परवानगी नाही आणि इस्रायली पोलीस क्वचितच फिरकतो. चोरी झाली तर तक्रार कुणाकडे न्यायची? शिवाय गणवेशातला तो शिपाईही कुणाचा तरी भाऊच असतो. इस्रायल प्राधिकरणाच्या करातला पैसा अडवून धरतं, म्हणून २०२१च्या अखेरीपासून त्याला पगारही पुरता मिळत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार त्यालाही बसतो आहे.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. तिथे नक्की कोणता कायदा चालतो? आणि लोक न्यायालयात न जाता घराण्याच्या पंचांकडे जातात, हे खरं का?

उत्तर : कायद्याचं म्हणशील तर थरावर थर आहेत. जमिनीच्या व्यवहारात ओटोमन काळाचे अवशेष. फौजदारी कायदा वेस्ट बँकेत जॉर्डनचा, १९६०चा. गाझात ब्रिटिशांचा, १९३६चा. वर १९६७पासूनचे इस्रायली लष्करी हुकूम. एकाच टेकडीवर दगड फेकला तर पॅलेस्टिनी मुलाला रामल्लाजवळच्या ओफरच्या लष्करी न्यायालयात उभं करतात आणि वसाहतीतल्या इस्रायली मुलाला मुलकी न्यायालयात. आणि जॉर्डनचा १९५४चा गुन्हे-प्रतिबंध कायदा अजून जिवंत आहे. त्याच्या आधाराने मुहाफिझ, म्हणजे जिल्ह्याचा प्रशासक, न्यायाधीशाला न विचारता माणूस डांबून ठेवू शकतो. ‘मुहाफिझच्या जबाबदारीवर अटक’ असंच त्याला म्हणतात.

२००७पासून संसद बसलेली नाही. शेवटची निवडणूक २००६ची. २०१८मध्ये घटना न्यायालयाने ती संसदच बरखास्त ठरवली, आणि ते न्यायालय अब्बास यांनीच २०१६मध्ये नेमलेलं. त्यामुळे कायदे होतात ते राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने. २०१९मध्ये अशाच एका हुकमाने उच्च न्यायिक परिषद मोडली आणि तिच्या जागी तात्पुरती परिषद बसवली. ज्याने नेमलं तोच काढू शकतो, हे माहीत असलेला न्यायाधीश सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्याविरुद्ध निकाल कोणत्या बळावर देणार? २०२२च्या जुलैमध्ये वकील काळे झगे घालून रामल्लाच्या रस्त्यावर उतरले ते अशाच हुकमांविरुद्ध. तू वकील होणार आहेस, म्हणून मुद्दाम सांगते : त्या वेळी ते हुकूम मागे घ्यावे लागले.

भ्रष्टाचाराविषयी विचारलं तर दहापैकी आठांहून अधिक जण प्राधिकरणाच्या संस्थांत तो आहे म्हणतात. त्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द ‘वास्ता’. म्हणजे आपला वशिला. दाव्याची तारीख लवकर लागायलाही वास्ता लागतो, असं लोक धरूनच चालतात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तिथे लोक पाळतात आणि ‘सुल्हा’कडे वळतात. एक मी पाहिली. अपघातात एक माणूस गेला होता. गाडीवाल्याच्या बाजूने वडीलधाऱ्यांचं शिष्टमंडळ, ‘जाहा’, मृताच्या घरी आलं. आधी ‘अत्वा’, म्हणजे काही दिवसांची सूडबंदी, झालेली होती. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या, पुरुष रांगेने बसलेले. यजमानांनी बिनसाखरेच्या कडू कॉफीचे छोटे पेले पुढे केले. जाहाच्या प्रमुखाने पेला समोर ठेवला आणि प्याला नाही. मागणं मान्य झाल्याशिवाय कॉफी प्यायची नाही, असा तो रिवाज. पंचवीसेक मिनिटं बोलणं चाललं, कॉफीवर साय धरली. मृताचा थोरला भाऊ शेवटी म्हणाला, ‘प्या.’ सगळ्यांनी पेले उचलले, काहींचे डोळे भरून आले.

मला त्या क्षणी ते फार सुंदर वाटलं. पण एक लक्षात घे. त्या अंगणात एकही बाई नव्हती. मृताची बायको आत होती आणि भरपाईची रक्कम तिला न विचारता ठरली. ज्या घराण्यात पुरुष जास्त, त्याचा शब्द वजनदार. दुबळ्याला, एकट्या बाईला, बाहेरून येऊन राहिलेल्याला सुल्हा पुरत नाही. न्यायालयावरचा विश्वास उडाला की सगळ्यात आधी हीच माणसं उघडी पडतात, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.

प्रश्न : गाझातही हेच चित्र आहे का? (एक शिक्षक)

उत्तर : सारखं नाही. २००७पासून तिथे हमासचे पोलीस, हमासची न्यायालयं. ऑक्टोबर २०२३च्या आधीच्या कित्येक सर्वेक्षणांत ‘तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना सुरक्षित वाटतं का’ याला गाझातून ‘हो’ जास्त यायचं आणि वेस्ट बँकेतून कमी. एकाच हाती बंदुका असल्या की रस्ता शांत असतो. पण त्या शांततेची किंमतही होती. फाशीला राष्ट्राध्यक्षांची संमती लागते, असं पॅलेस्टिनी मूलभूत कायदा सांगतो. तरी सप्टेंबर २०२२मध्ये हमासने पाच जणांना तशी संमती न घेता मृत्युदंड दिला.

युद्धात ठाणी, न्यायालयं, तुरुंग सगळंच कोसळलं. तरीही शिकाकींच्या केंद्राने २०२४मध्ये गाझात, विस्थापितांच्या छावण्यांत जाऊन प्रश्न विचारले. जिथे लढाई चालू होती त्या उत्तरेकडच्या भागात पथकांना पोचता आलं नाही. तिथे उरलेल्या लोकांचं मत त्या आकड्यांत नाही.