मुका मार चोळू नका

पाऊस सुरू झाला की आमच्या ओपीडीत सायकलवाले वाढतात. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, गतिरोधकाच्या ओल्या पट्ट्यांवरून चाक सरकतं. एक्स-रे निघतो, हाड शाबूत असतं आणि माणूस 'काही झालं नाही' म्हणत घरी जातो. एक्स-रे हाडासाठी असतो, स्नायू फाटलाय की चेचलाय ते त्यातून कळत नाही. मग आठ-दहा दिवसांनी मला ई-मेल येतो. त्यातले काही इथे घेतलेत.

प्रश्न : पडल्यावर बर्फ लावायचा की शेकायचं? घरात दोन मतं आहेत. (ठाणे)

पहिले दोन-तीन दिवस बर्फ, तोही कापडात गुंडाळून, एका वेळी पंधरा मिनिटं. त्या दिवसांत शेक नाही, दारूही नाही.

प्रश्न : नऊ दिवसांपूर्वी पडलो तेव्हा हँडल मांडीवर आदळलं. मांडी काळीनिळी झाली आहे, आत कडक गाठ लागते, गुडघा अर्धाच वाकतो. इथे मालीश करणारे एक गृहस्थ आहेत. तीन बैठकांत गाठ फोडून देतो म्हणतात. जाऊ का? (कोल्हापूर)

नाही. एकाही बैठकीला जाऊ नका.

मुका मार म्हणजे काय ते आधी बघा. मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू एकीकडून हँडल आणि दुसरीकडून मांडीचं हाड यांच्यात चेचले गेले. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या आणि रक्त साकळलं. तुमच्या हाताला लागते ती हीच गाठ. तिला फोडायची गरज नसते, बहुतेक वेळा शरीर ती काही आठवड्यांत शोषून घेतं. अंगठ्याने दाबून चोळली की नुकत्या बंद झालेल्या रक्तवाहिन्या परत फुटतात आणि गाठ वाढते.

एवढ्यावर भागलं तर नशीब. काही जणांत त्या साकळलेल्या जागी चक्क हाड तयार व्हायला लागतं. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. साध्या एक्स-रेत ते दिसायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ आला तरी निश्चिंत होता येत नाही. हे हाड लगेच कापूनही काढता येत नाही. ते पक्कं व्हायच्या आत हात लावला तर पुन्हा वाढू शकतं, त्यामुळे शस्त्रक्रिया लागलीच तर कित्येक महिने थांबावं लागतं. कोपराला मार लागलेली मुलं मी अशीच पाहिली आहेत. आजीने मायेने तेल लावून रोज चोळलेलं असतं, मांत्रिकापासून हाडवैद्यापर्यंत सगळे करून झालेले असतात आणि दीड महिन्याने माझ्यासमोर येतो तो लाकडासारखा ताठ हात. आजीला काय बोलणार? पण तीन बैठकांचे पैसे आगाऊ घेणाऱ्याला नक्की बोलेन.

अशा मारात पहिल्या चोवीस तासांत गुडघा साधारण १२० अंशांत (काटकोनाच्याही पुढे) वाकवून बांधून ठेवतात, म्हणजे स्नायू ताणलेला राहतो आणि आत रक्त साठायला जागा कमी मिळते. तुमची ती वेळ गेली. आता कोणीही गुडघा जबरदस्तीने वाकवायचा नाही. दुखणार नाही इतपत तुम्ही स्वतः वाकवा. नऊ दिवसांनंतरही काटकोनापर्यंत वाकत नसेल तर मार साधा नाही. या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, ते बहुधा सोनोग्राफी सांगतील.

प्रश्न : काल संध्याकाळी पडलो. पोटरी दगडासारखी घट्ट झाली आहे, पायाच्या बोटांना मुंग्या येतात, गोळी घेऊनही रात्रभर झोप नाही. किती दिवसांत बरं वाटेल? (चिंचवड)

या वाचकांना मी त्याच सकाळी फोन करून हॉस्पिटलात जायला सांगितलं. इथे छापतो ते इतरांसाठी. पोटरीचे स्नायू चिवट आवरणांत बंद असतात आणि ही आवरणं फारशी ताणत नाहीत. आत सूज वाढली की रक्तपुरवठा दबतो आणि काही तासांत स्नायू मरायला लागतो. माराच्या मानाने दुखणं फार जास्त, गोळीला न जुमानणारं, आणि पायाचं बोट कोणी हलकेच ताणलं तरी जीवघेणी कळ : एवढं दिसलं की ई-मेल लिहीत बसायचं नाही, रात्र असली तरी निघायचं. पायाची नाडी लागते म्हणून थांबू नका, ती उशिरापर्यंत लागते. मोठ्या मारानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तरीही तेच.

प्रश्न : वय ६१. रक्त पातळ होण्याची गोळी सुरू आहे. मार मांडीला लागला, पण निळेपणा गुडघ्याखाली उतरलाय. गोळी बंद करू? (नाशिक)

स्वतःच्या मनाने नाही. ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांना आजच फोन करा. रंग खाली उतरतो तो रक्त उताराला ओघळल्यामुळे. मांडीचा घेर वाढतोय का, हे जास्त महत्त्वाचं. वाढत असेल किंवा चक्कर येत असेल तर तडक हॉस्पिटल. आणि दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणून घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा. पडताना हँडलचं टोक पोटात रुतलं, गोल वळ उठलाय. खेळतोय, पण जेवत नाही. पोटाचा स्नायूच दुखावला असेल ना? (सांगली)

असं गृहीत धरू नका. त्या गोल वळाच्या मागे स्वादुपिंड, यकृत, आतडं असतं आणि तिथली इजा एक-दोन दिवस गप्प राहू शकते. आजच बालशल्यचिकित्सक असलेल्या हॉस्पिटलात न्या.

प्रश्न : औषधाच्या दुकानातून सूज उतरण्याची सेरॅशिओपेप्टिडेजची गोळी, थंडगार स्प्रे आणि रंगीत टेप असं सगळं आणलं. पुरेसं आहे ना? (म्हापसा)

दुकानदाराला पुरेसं आहे. स्प्रेने कातडी गार होते, स्नायूपर्यंत काही जात नाही. टेपमुळे थोडा आधार वाटतो, फाटलेलं सांधत नाही. त्या गोळीबद्दल एवढंच सांगतो : जपानमध्ये ती आणणाऱ्या ताकेदा कंपनीनेच, चाचण्यांमध्ये औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा फरक न दिसल्यामुळे, २०११मध्ये तिथल्या बाजारातून ती मागे घेतली. आपल्याकडे अजून दुखण्याच्या गोळीला जोडून सर्रास खपते. या पैशात फिजिओथेरपिस्टची एक भेट झाली असती.

प्रश्न : मांडीच्या मागचा स्नायू अर्धवट फाटलाय, एमआरआयमध्ये ग्रेड दोन. तीन आठवड्यांनी २०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) आहे, पैसे भरलेत. पट्टा बांधून जमेल? (कोथरूड)

पैसे गेले समजा.

ग्रेड दोनला साधारण चार ते आठ आठवडे लागतात आणि तुम्ही साडेतेरा तास खोगिरावर बसायचं म्हणताय. दिवस मोजण्यापेक्षा पाय काय करतो ते बघा. जिना न दुखता चढता-उतरता येतो का? दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या जवळपास आली का? हे फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्या, अंदाजाने नको. त्यांनी हो म्हटलं की घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) हलक्या गिअरमध्ये पंधरा-वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं नाही तर पाच मिनिटं वाढवा, दुखलं तर मागे या. सिंहगडाचा चढ सगळ्यात शेवटी. मध्येच चमक निघाली तर रेटू नका, परत दाखवा. बीआरएम पुढच्या महिन्यातही असते.

प्रश्न : हेल्मेटवर फक्त ओरखडा आहे. वापरू ना? (कोथरूडचेच)

नाही. आतला थर्माकोल एकदाच दबतो.